गुण आणि गुणपत्रिका

मराठीत ‘गुण’ या शब्दाने सद्गुणाचाही बोध होतो आणि परीक्षेत मिळणाऱ्या गुणांचाही. ज्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो, त्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमचा नैतिक इतिहास हा या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

या प्रकाराचा पूर्वज म्हणजे १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ. त्यात पात्र सुव्यवस्थेच्या बाजूचे की अराजकाच्या, हे आरंभीच ठरे. नीती ही कृतीतून घडत नसे. ती पात्राला चिकटवलेली पट्टी असे. पुढे संगणकावरील खेळांत राक्षस मारणे, धन लुटणे आणि शेवटी खलनायकाचा वध करणे हाच क्रम रूढ झाला. वाटेत नायकाने दुकान लुटले तरी त्याच्या नायकत्वाला बाध येत नसे.

अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ मध्ये ‘अल्टिमा ४’ या खेळात ही चौकट मोडली. यात अंतिम खलनायकच नाही. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून निघालेले प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे, एवढेच ध्येय. आपल्या परंपरेत अवतार वरून खाली उतरतो. येथे मात्र माणूस वर चढतो. आरंभी एक भविष्यवेत्ती पेच घालते: विश्वासाने सोपवलेली, न मोजलेली सोन्याची थैली पोचवायची आहे आणि वाटेत भिकारी भेटला, तर त्याला एक नाणे द्यावे काय? इथे सद्गुणासमोर दुर्गुण नाही, दुसरा सद्गुणच उभा आहे.

खेळात वनौषधी विकणारी एक अंध स्त्री आहे. किती नाणी द्यायची हे खेळणाराच ठरवतो. कमी दिली तर ती अडवत नाही. प्रामाणिकपणाचा आकडा मात्र आत कुठेतरी घटतो. तो आकडा पडद्यावर दिसत नाही. राजवाड्यातील द्रष्ट्याला विचारले, तर तो मोघम सल्ला देतो. चित्रगुप्ताची वही आहे, पण ती मिटलेली.

पुढच्या काळात ही वही उघडली गेली. कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या खेळात प्रकाश आणि अंधार यांच्यामधील मोजपट्टी समोरच दिसते. अंधाराकडे झुकणाऱ्याचा चेहरा निस्तेज होतो, आणि ज्या टोकाला जावे त्या टोकाच्या शक्ती स्वस्तात वापरता येतात. मध्ये रेंगाळणाऱ्याचा तोटाच. परिणाम उघड आहे: खेळणारा एकदाच बाजू निवडतो आणि नंतर प्रत्येक प्रसंगी त्या बाजूचे गुण गोळा करतो. ‘मास इफेक्ट २’ (२०१०) मध्ये तर पुरेसे गुण नसतील, तर काही संवाद खुलतच नाहीत. परीक्षार्थी विद्यार्थ्यांना ओळखणाऱ्या आम्हां शिक्षकांना ही वृत्ती नवी नाही.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवर बेतलेल्या ‘द विचर’ (२००७) या खेळात मोजपट्टीच काढून टाकली. नायक राखण करत असलेला माल बंडखोर मागतात. तो दिला, तर पुढील प्रकरणात त्याला हवा असलेला एक माणूस बाणांनी मारलेला आढळतो. तोवर खेळाचे कित्येक तास उलटलेले असतात. मागे जाऊन निर्णय बदलणे जवळजवळ अशक्य. हा अन्याय आहे, असे कोणी म्हणेल, कारण परिणाम आधी ठाऊक नव्हता. पण शोकात्मिका शिकवताना आपण वर्गात जे सांगतो, ते याहून वेगळे नाही.

कादंबरीत नायकाच्या निर्णयाचे आपण मूल्यमापन करतो. तो निर्णय आपला नसतो. खेळात तो आपल्या हातून घडतो, आणि हेच या माध्यमाचे स्वतःचे बळ आहे. मात्र निर्णयाशेजारी गुणसंख्या मांडली, की त्या अंध स्त्रीच्या हातावर नाणी ठेवणारा हात हिशेबनिसाचा होतो. ‘अल्टिमा ४’ने आकडा दडवला, त्यामागचे शहाणपण आजही या खेळांच्या कर्त्यांनी आणि समीक्षकांनी तपासून पाहण्याजोगे आहे.