अंगावर काढलेले दुखणे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे मंडळाच्या बैठकीत मला सांगितले तेव्हा मी नको नको म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार? पण मागील साली मला जे दुखणे आले, त्याने एका जुन्या गोष्टीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. म्हणून आधी थोडे माझे सांगते आणि मग ती गोष्ट.

जिना चढताना मला धाप लागे. खाली बसून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येई. परंतु घरात यजमानांच्या पाळ्या, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे पथ्यपाणी. दिवाळी होऊ दे, मग जाऊ. मुलांची परीक्षा होऊ दे, मग जाऊ. असे करता करता एके सकाळी कणीक मळतानाच मी ओट्यापाशी कोसळले. रक्त तपासले तो हिमोग्लोबिन अवघे सात! आपल्या वयाच्या बाईला ते निदान बारा तरी असावे लागते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हे किती दिवसांपासून होते?" मला सांगता येईना. मुलांच्या लशींच्या तारखा मला तोंडपाठ, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ. आणि माझे स्वतःचे दुखणे कधी सुरू झाले तेच ठाऊक नाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पडून राहण्याच्या त्या दिवसांत माझ्या मुलीने मला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचून दाखविले. नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. पहिली डॉक्टरीण, एवढे म्हटले की आपले काम संपले. पण ती डॉक्टर का झाली, हे मी तोवर नीट ऐकलेच नव्हते.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला; मूळचे आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच्या संगमनेरचे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. ज्या वयात आपल्या मुली आठवी-नववीत असतात, त्या वयात ही पोर बाळंतीण झाली आणि रिकाम्या कुशीची झाली. त्या काळी बाईचे दुखणे म्हणजे सुईणीचे काम. डॉक्टर सगळे पुरुष. त्यांच्यापुढे जायची लाज, नेणाऱ्यांनाही लाज. बायका दुखणे पोटात ठेवीत आणि तशाच जात. हे दुःख आनंदीबाईंच्या मनात राहिले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे तिने भरसभेत भाषण केले. आमच्या बायकांना बाई डॉक्टर पाहिजे आणि त्यासाठी मी अमेरिकेस जाणार, असे तिने सांगितले. तेव्हा तिचे वय अवघे सतरा. त्याच वर्षी एप्रिलात ती कलकत्त्याहून बोटीने निघाली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली. पण निघण्याआधीपासूनच तिची प्रकृती नाजूक होती. तिकडची कडाक्याची थंडी आणि न मानवणारे अन्न यांत ती आणखी खालावली. क्षयाने तिला गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकही दिवस तिला त्या इस्पितळात काम करता आले नाही.

तथापि तिने उघडलेली वाट बंद झाली नाही. १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा इस्पितळ सुरू झाले. डॉ. रखमाबाई विलायतेत शिकून १८९४ साली परत आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे बायकांची सेवा केली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले व पुढे मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी गिरणीतील बाळंतिणींना विश्रांती व पगार मिळावा, या विधेयकास जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाईच्या शरीराला विसावा लागतो, हे सरकारदरबारी लिहिले गेले ते तेव्हा. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते अजून कुणी लिहिलेले नाही.

आज दवाखाना दूर नाही, डॉक्टरीणबाई आहेत. २०२२ सालच्या नवरात्रात सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून बायकांच्या तपासण्या केल्या. असे असूनही २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर भारतीय बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रात ५४. म्हणजे आपल्या बैठकीत जितक्या जणी बसतो, त्यांतील निम्म्याहून जास्त धरा! ज्या दारासाठी आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला, त्या दाराशी आपण जातच नाही. तेव्हा अडवणारी लाज होती, आज 'वेळ नाही' हे निमित्त आहे.

आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चालता संचसुद्धा ठरलेल्या वेळी बंद करून उघडतात, तपासतात. तो बिघडला म्हणून नव्हे, बिघडू नये म्हणून. आपल्या घरचा संच मात्र कोसळेपर्यंत चालतो.

म्हणून एक सुचवते. धाप, अंधारी, पाळीत जास्त अंगावरून जाणे, ही दुखणी अंगावर काढू नयेत. जेवणात पालेभाजी व तिच्यावर लिंबू असावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये. सगळ्यांचे उरलेसुरले आपण खाण्याऐवजी आपले ताट आधी वाढून ठेवावे. आणि दर संक्रांतीला आपण वाण लुटतो, त्या महिन्यात प्रत्येकीने शेजारणीला बरोबर घेऊन रक्त तपासून यावे. एकटीला वेळ होत नाही. दोघींना होतो, हा माझा अनुभव आहे. औषधाने व खाण्याने माझे हिमोग्लोबिन आता अकरावर आले आहे. बाराचे झाले की पुढच्या हळदीकुंकवाला सांगेन.