चाकाला लावलेला हात

बैलगाडी चिखलात रुतली की काय करायचे, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. आधी बैलांना आवाज दिला जातो. गाडी हलली नाही, तर गाडीतली माणसे खाली उतरतात. काही जण मागून लोटतात. पण जाणता माणूस सरळ चाकाला भिडतो. वरचे आरे धरून तो चाकच फिरवू लागतो आणि गाडी सुटते.

यात विज्ञान आहे. चाक जमिनीला जिथे टेकते तो बिंदू टेकू मानला, तर चाकाच्या माथ्याला लावलेले बळ आसाच्या दुप्पट उंचीवर लागते. म्हणजे ही तरफच झाली. पण आणखीही एक गोष्ट घडते. एरवी बैलगाडीचे चाक नुसते घरंगळते. जमिनीत पाय रोवून ओढण्याचे काम बैलांचे खूर करतात. माणसाने हात लावताच ते चाकही कामाला लागते.

मोटारीला खूर नाहीत. घरंगळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे चाकांनाच करावी लागतात. साध्या मोटारीत ओढण्याचे काम चारांपैकी दोनच चाके करतात, उरलेली दोन बैलगाडीच्या चाकांसारखी मुकाट फिरत राहतात. त्या दोघांनाही हात लावावा, हा विचार म्हणजे ‘फोर-व्हील ड्राइव्ह’, म्हणजेच चारचाकी ओढ. हा विचार सोपा, पण तो सर्वांच्या हाती येण्यासाठी १९४० साल उजाडावे लागले. का, ते पाहू.

एक फिरते, एक थांबते

आम्ही बदलापूरला राहतो. कोकणाच्या वाटेवर इथे घोडे बदलले जात, म्हणून गावाचे नाव बदलापूर, अशी लोकांत समजूत आहे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही बारवीच्या बाजूला गेलो होतो. भातखाचराच्या कडेला आमची जीप रुतली. मागचे डावे चाक गरगर फिरत चिखल उडवत होते आणि उजवे चाक मात्र जागच्या जागी उभे होते. ड्रायव्हरकाका म्हणाले, “थांबा, पुढची चाकं लावतो.” त्यांनी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला आणि जीप सावकाश बाहेर आली.

एक चाक फिरते आणि दुसरे थांबते, असे का? वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर एकाला घासत जावे लागेल. म्हणून त्यांच्यामध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चक्रांची रचना असते. फ्रान्समधल्या पेकर या तंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी ती १८२० च्या दशकात वापरली. ही रचना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण पीळ मात्र दोघांना सारखाच देते. चिखलातले चाक फारसा विरोध करत नाही, त्यामुळे त्याला पीळ थोडाच लागतो. मग कोरड्यावरच्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. दुबळ्याच्या मापाने बळकटालाही मोजले जाते! अशा वेळी पुढचा आस मदतीला आला, की गाडी सुटते.

दुपटीचे सहापट

दोनाची चार चाके झाली, तर ओढ दुप्पट व्हावी. प्रत्यक्षात फायदा त्याहून पुष्कळ मोठा असतो. सोयीसाठी काही आकडे धरू. गाडीचे वजन १२०० किलो, निम्मे पुढच्या आणि निम्मे मागच्या चाकांवर. ओल्या चिखलाचा घर्षणांक ०.३. चाके रुतत असल्यामुळे होणारा विरोध वजनाच्या ०.१२ पट, म्हणजे १४४ किलो भाराएवढा.

दोन चाके ओढत असतील, तर जास्तीत जास्त ओढ ६०० × ०.३ = १८०. त्यातून १४४ वजा जाता उरले ३६. चार चाके ओढत असतील, तर ओढ १२०० × ०.३ = ३६०; १४४ वजा जाता उरले २१६. म्हणजे सहापट! पहिली गाडी १०० मीटरला ३ मीटर चढेल, दुसरी १८ मीटर. दोन्हींचे इंजिन एकच आहे, हे ध्यानात घ्यावे. चिखलात इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. कमी पडते ती जमिनीवरची पकड.

घोडे अडले सांध्यापाशी

ही कल्पना जुनीच होती. हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली चारही चाकांनी ओढणारी पेट्रोलची मोटार बनवली होती. पण अशा गाड्या बरीच वर्षे अपवादच राहिल्या. अडचण होती ती पुढच्या चाकांची. ही चाके वळतात. जे चाक वळायचे, तेच फिरवायचेही, तर त्याच्याकडे जाणाऱ्या दांड्याला वाकणारा सांधा हवा.

असा एक सांधा तीनशे वर्षांपासून माहीत होता. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा उपयोग केला होता. आपले मिस्त्री त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. अधिकच्या चिन्हासारखा तुकडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन चिमटे. पण या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एक दांडा एकसारख्या गतीने फिरवला, तरी दुसरा तसा फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांत वाकवला, तर त्याची गती मूळ गतीच्या ०.८७ पट ते १.१५ पट अशी हेलकावते. वळणावर सुकाणू हातात झटके देऊ लागते.

ब्रेकची गोष्ट याच्याशी ताडून पाहावी. सुरुवातीच्या मोटारींना बहुधा मागच्याच चाकांना ब्रेक असत. १९२० च्या दशकात ते चारही चाकांना सर्रास बसू लागले. वळणाऱ्या चाकाला थांबवायचे, तर त्याच्यापर्यंत एखादी नळी किंवा तार पोचली तरी पुरते. फिरवायचे, तर पीळ पोचवावा लागतो. म्हणून थांबण्यासाठी चारही चाके आधी आली आणि चालण्यासाठी नंतर.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावच्या झाको आणि बेसरडिच या दोन कारागिरांनी १९०८ साली पुढच्या आसासाठी बंदिस्त सांध्याचे पेटंट घेतले. त्यातून निघालेले ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी वापरले गेले. पुढे १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेपा याने वेगळा सांधा शोधला. त्यात खाचांमध्ये बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. सांधा कितीही वाकला, तरी त्या कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. त्यामुळे दोन्ही दांडे एकाच गतीने फिरतात. गोष्ट एवढीच, पण ती जमायला खाचा फार अचूक कोराव्या लागतात.

जीप आली, माझगावला पोचली

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली. चारही चाकांनी ओढणारी एक हलकी गाडी हवी होती आणि नमुना ४९ दिवसांत हवा होता. वजनाची मर्यादा सुमारे ५९० किलो. ही मर्यादा कुणालाच पाळता आली नाही आणि पुढे ती वाढवावी लागली. मुदत मात्र बँटम या छोट्या कंपनीने पाळली. कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी हजर झाली. त्यानंतर विलीज कंपनीचे ६० अश्वशक्तीचे इंजिन पसंत पडले. विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. सांध्यांचा पुरवठा कमी पडू नये, म्हणून एकाऐवजी अनेक प्रकारचे सांधे वापरले गेले.

त्याच युद्धात आमच्या बदलापूरच्या उत्तरेला, कल्याणजवळ, मोठी लष्करी छावणी वसली होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथले पत्ते ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात.

भारतात जीप रुजली तीही याच सुमारास. युद्धाच्या काळात कैलाशचंद्र महिंद्र हे भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला होते. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागल्या. पुढे हळूहळू भागही इथेच बनू लागले.

नंतरच्या अनेक नागरी जीपगाड्यांत पुढच्या आसाला पुन्हा साधा क्रॉसच बसवला गेला. हे पाऊल मागे पडले असे वाटेल, पण तसे नाही. पुढची चाके क्वचित आणि सावकाशच ओढायची, तर थोडे झटके चालून जातात. शिवाय क्रॉस बदलणे तालुक्याच्या गॅरेजातही जमते.

अशी गाडी बाळगणाऱ्याने तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडू नयेत; वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात आणि तो फरक दांड्यांना पीळ देत साठतो. दोन, महिन्यातून एकदा तरी मऊ जमिनीवर तो छोटा दांडा टाकून गाडी थोडी चालवावी, म्हणजे तेल सगळीकडे पोचते आणि दांडा गंजून अडकत नाही. तीन, पाण्यातून गाडी काढल्यावर आसांतले तेल तपासावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे.

“टेकलं तर!”

त्या दिवशी चिखलातून सुटल्यावर पुढे ओढा लागला. फरशीवरून गुडघ्याच्या वर पाणी वाहत होते. आम्हीच उत्साहाने म्हटले, “आता चारही चाकं ओढताहेत, घाला पाण्यात.” ड्रायव्हरकाका म्हणाले, “चाक ओढतं साहेब, पण जमिनीला टेकलं तर!” आणि त्यांनी इंजिन बंद केले. पाणी उतरेपर्यंत आम्ही दोन तास बसून राहिलो. पदवी आमच्याकडे होती, पण आर्किमिडीज त्यांना जास्त कळला होता.

गणित करून पाहू. बंद गाडीचा तळ ३.५ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ सव्वापाच चौरस मीटर. तळाच्या वर पाणी दर १० सेंटिमीटर चढले, की सुमारे ५२५ किलो भार वर उचलला जातो. गाडी १७०० किलोची असेल, तर तळाच्या वर सुमारे ३२ सेंटिमीटर पाण्यात ती तरंगेल. पण तरंगण्याची वाट पाहावीच लागत नाही. घर्षण हे चाकावरच्या भारावर अवलंबून असते, आणि भार तर आधीच ओसरू लागलेला असतो. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. उरलेली पकड चार चाकांत वाटली काय आणि दोन चाकांत वाटली काय, सारखेच.

उल्हास नदीने हे आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवले आहे. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले ते होड्यांनी. तिथे चाकाचे काम संपले होते.

वर्गात करून पाहा

एक गुळगुळीत फळी, चाके सहज फिरणारी एक खेळण्यातली मोटार, चिकटपट्टी आणि कोनमापक घ्या. मोटारीची फक्त मागची चाके चिकटपट्टीने पक्की बांधा, मात्र चाक फळीला टेकते तिथे पट्टी येऊ देऊ नका. मोटार फळीवर ठेवून फळी हळूहळू उचला आणि मोटार कोणत्या कोनात घसरते ते लिहा. मग चारही चाके बांधून तसेच करा. दोन्ही कोनांच्या स्पर्शकांची तुलना करा. दुसरा पहिल्याच्या साधारण दुप्पट येतो का? येत नसेल, तर मोटारीचे वजन पुढे-मागे कसे वाटले आहे ते तपासा.

आता विद्यार्थ्यांना विचारा: या प्रयोगातली चाके फिरत नाहीत, बांधलेली आहेत. मग हा प्रयोग ओढण्याचा की थांबण्याचा? घर्षणाला दोन्ही सारखेच. फरक एवढाच, की ओढण्यासाठी चार चाके काहीच गाड्यांना मिळतात, पण थांबण्यासाठी सगळ्याच मोटारी चारही चाके वापरतात. म्हणून निसरड्या उतारावर चारचाकी ओढीची गाडी इतरांपेक्षा लवकर थांबत नाही. ती आपल्याला अधिक दूरवर, अधिक अवघड जागी नेते. तिथून थांबवून परत आणणे मात्र चालवणाऱ्यावरच सोपवते.

पावसाळ्यात ओढ्याकाठी निघालेल्या आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांना एवढे जरी पटले, तरी या प्रयोगाचे चीज झाले.