बंपर पाहा, साल ओळखा : सत्तरच्या दशकातील अमेरिकन आलिशान मोटारी

‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) या चित्रपटात पोलीस एक भलीमोठी मोटार गॅरेजात नेऊन जवळजवळ सांगाडा उरेपर्यंत खोलतात. ती लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३. त्या काळच्या कॅडिलॅक, लिंकन, इम्पीरियल या मोटारी पाहणाऱ्याला सारख्याच भासतात : लांबलचक बॉनेट, टपावर व्हिनाइलचे आवरण, क्रोमची लखलख. मात्र त्यांचे साल सांगणारी एक खूण आहे आणि ती कारखान्यातील आरेखकांनी नव्हे, तर वॉशिंग्टनमधील नियमांनी उमटवली आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

१९७३च्या मॉडेलपासून अमेरिकेत नियम लागू झाला : ताशी ५ मैलांच्या (सुमारे ८ किमी) धडकेत पुढच्या बंपरने दिव्यांना इजा होऊ देता कामा नये. मागच्या बंपरसाठी मर्यादा अडीच मैलांची होती. १९७४पासून तीही ५ झाली. नाजूक, वळणदार बंपर गेले आणि त्यांच्या जागी जाडजूड, सरळ, शरीरापासून सुटे राहणारे तुळईसारखे बंपर आले. (अमेरिकन मोटारींचे मॉडेल-वर्ष आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच सुरू होते, हे ध्यानात असू द्यावे.)

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लिंकन मार्क ४. १९७२च्या गाडीत रोल्स-रॉइसच्या धर्तीची उभी जाळी बंपर ओलांडून खाली उतरते. १९७३मध्ये तीच जाळी आखूड होऊन बंपरच्या वर थांबते. गाडी तीच, फरक एका वर्षाचा. मागच्या जाड खांबातील लंबगोल ‘ऑपेरा’ खिडकी हीदेखील मार्क ४ची ओळख. मार्क ३ला ती नव्हती. पण १९७२मध्ये ती ऐच्छिक होती, म्हणून केवळ तिच्या अभावावरून निर्णय देऊ नये.

कॅडिलॅकच्या बाबतीत बंपरनंतर दिवे पाहावेत. १९७४पर्यंत चार गोल, १९७५पासून चार आयताकृती. आयताकृती दिव्यांना परवानगीच तेव्हा मिळाली. लिंकन मार्कचे दिवे झाकणांआड असतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

एका फसगतीचा मात्र इशारा द्यायला हवा. क्रायस्लरने १९७५नंतर इम्पीरियल बंद केली आणि १९७६च्या न्यूयॉर्कर ब्रोअमला तिचाच चेहरा, म्हणजे धबधब्यासारखी जाळी आणि झाकलेले दिवे, बहाल केला. जाणकारही इथे अडखळतात.

नियमाच्या नुसत्या धास्तीनेही इतिहास घडला. मोटार उलटल्यास टपाने टिकाव धरावा, अशा नियमाची चर्चा होती. विक्रीही घसरत होती. उघड्या टपाच्या गाड्या एकेक करून बंद झाल्या आणि १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल’ म्हणून विकली गेली. सुमारे १४ हजार बनल्या. त्यांतील अखेरच्या २०० पांढऱ्या रंगाच्या. लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या. भीती वाटत होती तो नियम कन्व्हर्टिबलना कधी लागूच झाला नाही, आणि १९८४मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली! ‘शेवटची’ म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

दरम्यान १९७३-७४ची तेलबंदी येऊन गेली आणि १९७५च्या ऊर्जा कायद्याने इंधन-कार्यक्षमतेची सक्ती केली. १९७६ची कॅडिलॅक डेव्हिल ५.८६ मीटर लांब होती, म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरहून जवळपास दीड मीटर अधिक. १९७७मध्ये ती सुमारे २४ सेंटिमीटरने आखूड आणि चारशे किलोच्या आसपास हलकी झाली. इंजिनही ८.२ लिटरवरून ७ लिटरवर आले. चित्रात एखादी कॅडिलॅक ताठ, काटकोनी आणि किंचित ‘अंग चोरून’ उभी दिसली, तर ती ७७ किंवा त्यानंतरची.

लिंकनने मात्र १९७९पर्यंत आपला आकार सोडला नाही. सहा मीटरना जेमतेम कमी असलेली शेवटची मोठी कॉन्टिनेंटल त्या वर्षाची. १९८०ची तिच्या शेजारी उभी केली, तर बंपर पाहण्याचीही गरज उरत नाही.