आद्य श्रवणयंत्ररोपण व वाहता कान

अंतःकर्णांत विद्युत्प्रवाह सोडून बधिरास ध्वनिज्ञान करून देणारें जें यंत्र आज कॉक्लिअर इम्प्लांट या नांवानें परिचित आहे, त्याच्या इतिहासांत पॅरिस येथील दि. २५ फेब्रुवारी १९५७ च्या शस्त्रक्रियेस आद्यस्थान देण्याची वहिवाट आहे. हें आद्यत्व कितपत खरें, तें तपासून पाहिलें पाहिजे. तसें पाहूं लागतां एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. तो आद्य रुग्ण मध्यकर्णाच्या रोगापायींच बहिरा झालेला होता. आणि पुढें कित्येक वर्षें हाच रोग यंत्र न बसविण्याचें कारण मानला गेला.

रुग्णाचें वय ५७ वर्षांचें. दोन्ही कानांत कोलेस्टिएटोमा, म्हणजे मध्यकर्णांत सांचत जाऊन भोंवतालचें हाड कुरतडणारी त्वचा. ती काढण्याकरितां दोन्ही बाजूंच्या शंखास्थीचा मोठा भाग काढावा लागला. त्यांत श्रवण गेलें व चेहराहि दोन्हीकडून लुळा पडला. शार्ल एरीएस या शस्त्रवैद्यास पाचारण झालें तें चेहऱ्याच्या नाडीकरितां. श्रवणाचा विचार मागाहूनचा. आंद्रे जुर्नो यानें तयार केलेलें तारेचें वेटोळें त्याच वेळीं स्नायूंत पुरण्यांत आलें, व विद्युत्-अग्र श्रवणनाडीच्या उरलेल्या टोकास लाविलें. रुग्णास कांहीं थोडे शब्द ओळखतां येऊं लागले. पुढें यंत्र बिघडलें; दुसरें बसविलें, तेंहि बिघडलें; तिसरें बसविण्यास एरीएस राजी झाला नाहीं.

सारांश, अग्र कॉक्लिआमध्यें शिरलेंच नव्हतें. शब्दशः अर्थ घेतल्यास कॉक्लिआमधील रोपणाचा मान विल्यम हाउस याच्या १९६१ मधील लॉस एंजेलिस येथील प्रयत्नांस द्यावा लागेल. मात्र नाडीस विद्युत् देऊन मनुष्यास ध्वनि ऐकविण्याचें श्रेय पॅरिसकरांचेंच, असें आमचें मत आहे.

वाहत्या कानाची भीति निराधार नव्हती. कानामागील मॅस्टॉइड हाड फोडून पू काढण्याची क्रिया झां लुई पेती यानें १७३६ त केली. पण त्याचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर, १७७४ त छापला गेला. (केवळ मुद्रणाच्या सालावर भिस्त ठेवणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.) डेन्मार्कचा राजवैद्य बर्गर यानें बहिरेपणासाठीं तीच क्रिया स्वतःवर करविली व १७९१ त तो दगावला. त्या एका मृत्यूनें ही शस्त्रक्रिया अनेक दशकें बदनाम झाली. १८७३ त श्वार्ट्‌झ व आयझेल यांनीं तिचीं कारणें व पद्धति नीट मांडल्यावरच तिला पुन्हां मान्यता मिळाली.

रोपणांत धोका अधिकच. अग्र आंत नेण्यासाठीं केलेल्या वाटेनें मध्यकर्णांतील पू अंतःकर्णांत, व तेथून मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोंचूं शकतो. यावर उपाय सांपडला तो ऊगो फिश यानें रूढ केलेल्या सबटोटल पेट्रोसेक्टमी या क्रियेंत. हाडांतील वायुकोश साफ खरवडावयाचे, घशाकडील नळी बुजवावयाची, बाह्य कर्णमार्ग शिवून कायमचा बंद करावयाचा व पोकळी पोटावरील चरबीनें भरावयाची. कान वाहत असल्यास कित्येक शस्त्रवैद्य कांहीं महिने थांबून मगच यंत्र बसवितात. कोरडा असल्यास दोन्ही कामें एकाच वेळीं उरकतात.

याहि उपायांत एक वैगुण्य आहे. कान शिवून बंद केल्यावर मागें राहिलेला त्वचेचा कण वाढूं लागला, तरी तो बाहेरून दिसत नाहीं. त्याचा शोध चुंबकीय तपासणीच्या चित्रांत घ्यावा, तर यंत्रांतील लोहचुंबकामुळें नेमकी तीच जागा काळवंडून जाते.