स्वरयंत्राचे तंत्रिका-नियंत्रण : संकल्पनेचा इतिहास

स्वरयंत्राचे तंत्रिका-नियंत्रण : श्वासनालाच्या वरच्या टोकाशी असलेल्या स्वरयंत्रातील लहान लहान स्नायूंना मेंदूकडून तंत्रिकांमार्फत आज्ञा मिळतात व त्यांनुसार स्वररज्जू जवळ येतात, दूर जातात किंवा ताणले जातात. या व्यवस्थेस स्वरयंत्राचे तंत्रिका-नियंत्रण म्हणतात. आवाजाचे मूळ मेंदूत आहे, हे आज उघड वाटते. तथापि प्राचीन काळी ते सामान्यतः छातीत किंवा नाभीत मानले जात असे.

प्राचीन कल्पना : सुश्रुतसंहितेतील मर्मवर्णनात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या नावाच्या चार धमन्या सांगितल्या असून त्यांना इजा झाल्यास मूकता व स्वरविकृती येते, असे म्हटले आहे. मानेच्या बाजूंना झालेल्या जखमेने वाचा जाते, हे प्राचीन शल्यचिकित्सकांनी टिपले होते. परंतु तंत्रिका ही रक्तवाहिनीहून निराळी अशी रचना त्यांनी मानलेली नव्हती.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी तेराव्या शतकात देवगिरी येथे झाली. यादव राजा दुसरा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकर या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात देहाच्या उत्पत्तीचे व रचनेचे विवेचन केले आहे. त्याच्या मते बोलू इच्छिणारा आत्मा मनास प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीस व अग्नी वायूस चेतवितो. हा वायू वर चढताना नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या स्थानी नाद उमटवितो. हृदयाशी संलग्न अशा बावीस नाड्यांमुळे बावीस श्रुती उत्पन्न होतात, असेही तो सांगतो. या क्रमात इच्छा आधी व वायू नंतर येतो, तसेच वायू हाच ध्वनीचा चालक मानला आहे. या दोन्ही गोष्टी आजच्या ज्ञानाशी जुळतात. मन व वायू यांना जोडणारा दुवा मात्र त्यात अग्नी आहे; तंत्रिका नव्हे.

गेलेनचा प्रयोग : ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांचा युक्तिवाद असा होता, की आवाज छातीतून येतो, म्हणून वाणीस चालना देणारी बुद्धीही हृदयातच असली पाहिजे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलेन याने हा युक्तिवाद प्रयोगाने खोडून काढला. जिवंत डुकराच्या मानेतील दोन बारीक तंत्रिका त्याने जाहीरपणे बांधून व कापून दाखविल्या. जनावर धडपडत राहिले, श्वासही घेत राहिले. पण त्याचे ओरडणे थांबले. मेंदूपासून निघणाऱ्या तंत्रिकांवाचून छातीतील वायू निःशब्द असतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

या तंत्रिका दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या, म्हणजे प्राणेशा तंत्रिकेच्या शाखा होत. त्या मानेतून खाली उतरून उजवीकडे अधोजत्रू रोहिणीस व डावीकडे महारोहिणीच्या कमानीस वळसा घालतात व पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतात. म्हणून त्यांना परावर्ती स्वरयंत्र तंत्रिका म्हणतात. स्वररज्जू ताणून स्वर चढविणाऱ्या मुद्रिका-अवटू स्नायूस मात्र ऊर्ध्व स्वरयंत्र तंत्रिकेच्या बाह्य शाखेकडून आज्ञा मिळते.

कंपने कोण निर्माण करतो : मान्वेल गार्सिआ (१८०५–१९०६) या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने गाताना हलणारे स्वतःचे स्वररज्जू पाहिले. स्वररज्जूंची हालचाल दिसू लागल्यावर तिचे कारण काय, हा प्रश्न पुढे आला. १९५० मध्ये राऊल ह्यूसाँ या फ्रेंच संशोधकाने स्वररज्जूंचे प्रत्येक कंपन तंत्रिकेच्या स्वतंत्र आवेगामुळे घडते, असे प्रतिपादन केले. परंतु षड्ज सेकंदाला सु. २०० कंपनांचा असल्यास तारषड्ज ४०० कंपनांचा होतो आणि एवढ्या वेगाने स्नायूस एकेक आवेगानुसार हलविणे तंत्रिकांना शक्य नसते. शिवाय शरीराबाहेर काढलेल्या स्वरयंत्रातून हवा फुंकली, तरी ध्वनी निघतो. नेदर्लंड्सचे यानविलेम व्हान डेन बेर्ख यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मेंदू स्वररज्जूंचा ताण व स्थिती ठरवितो. कंपन घडवितो तो वायूच. वायूविषयीची जुनी कल्पना अशा रीतीने नव्या अर्थाने पुन्हा मान्य झाली.

मेंदूतील दोन मार्ग : स्वरयंत्राच्या स्नायूंची चालक केंद्रे लंबमज्जेत आहेत. त्यांना वरून दोन मार्गांनी आज्ञा मिळतात. हसणे, रडणे, किंकाळी यांचा मार्ग मध्यमस्तिष्कातून जातो. तो अनेक सस्तन प्राण्यांत आढळतो. बोलण्याचा व गाण्याचा मार्ग प्रमस्तिष्काच्या बाह्यकापासून निघतो. या बाह्यकातील काही तंतू माणसात थेट लंबमज्जेतील केंद्रांपर्यंत पोहोचतात. २०१८ मध्ये एडवर्ड चांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलताना व गाताना स्वराची उंची सांभाळणारा बाह्यकाचा भाग दाखवून दिला. या कार्यात श्रवणाचाही वाटा असतो. स्वतःचा आवाज किंचित चढलेला किंवा उतरलेला ऐकू आला, तर माणूस नकळत तो विरुद्ध दिशेने सावरतो. तंबोऱ्याच्या साथीने स्वर लावण्याच्या आपल्या रिवाजाचे महत्त्व यावरून लक्षात येते.

व्यावहारिक महत्त्व : अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत या तंत्रिका हाताशीच असतात. एका बाजूची परावर्ती तंत्रिका दुखावल्यास आवाज बसतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्यास श्वासमार्ग अडून प्राणावर बेतू शकते. केवळ ऊर्ध्व तंत्रिकेची बाह्य शाखा दुखावली, तर नेहमीचे बोलणे बहुधा ठीक राहते, पण वरचे स्वर जातात. अशा वेळी ‘आवाज तर चांगला आहे’ असे म्हणून रुग्णाची तक्रार दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. ज्याची उपजीविका गळ्यावर आहे, त्या गायकाला, शिक्षकाला किंवा कीर्तनकाराला ही हानी अल्प नसते.

याहून बोधप्रद उदाहरण आकर्षी स्वरविकाराचे आहे. यात बोलताना गळा आवळल्यासारखा होऊन आवाज तुटतो. हसताना, रडताना व कित्येकदा गाताना मात्र तो मोकळा येतो. या विसंगतीमुळे हा विकार दीर्घकाळ मानसिक समजला गेला आणि रुग्णांना अविश्वास सोसावा लागला. मेंदूतील मार्ग एकाहून अधिक आहेत, हे कळल्यावर ती विसंगतीच विकाराचे लक्षण ठरली. १९८४ पासून स्वरयंत्राच्या स्नायूंत बोटुलिनम विष अत्यल्प प्रमाणात टोचून त्यावर उपचार करण्यात येतात.

मुंबईत बी. आर. देवधर (१९०१–९०) यांनी गायकांच्या आवाजसाधनेचा शास्त्रीय दृष्टीने विचार केला व अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी तो पुढे नेला. शार्ङ्गदेवाने एकत्र मांडलेले शरीर व संगीत हे विषय त्यांच्या कार्यात पुन्हा एकत्र आले. आवाज बिघडलेल्या माणसाची तक्रार केवळ गळा पाहून निकालात काढता येत नाही, ती मेंदूपर्यंत तपासावी लागते, हाच या दीर्घ इतिहासाचा निष्कर्ष होय.