संध्याकाळपर्यंत जागा सोडा

गेल्या वर्षी जुलैत मुंबईहून मुलीचा फोन आला. "बाबा, काकूंनी रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली आहे." तिला तिथे राहायला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका खोलीत तीन मुली, दोन महिन्यांचे डिपॉझिट, एजंटची एका महिन्याची दलाली, पोलिसांत द्यायचे कागद, हे सगळे रीतसर करून घेतलेली जागा. भांडण नाही, तक्रार नाही. जास्त भाडे देणारे कोणी मिळाले, एवढेच. जागा शोधताना भाड्याच्या आधी आडनाव आणि आडनावानंतर 'घरात काय शिजते' हे विचारणारी घरेही आम्ही पाहिली होती, त्यामुळे ही जागा मिळाली तेव्हा सत्यनारायण घालायचाच काय तो बाकी होता.

रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो. बडोद्याच्या स्टेशनवर उभे असताना याच स्टेशनावरून परत गेलेल्या एका माणसाची आठवण आली. तिच्यासाठीच हा लेख.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. महिना साडेअकरा पौंड, मुदत १९१३ ते १९१६, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. परळच्या चाळीत वाढलेला बावीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिला, तिथले जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेला, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर स्थिरावला. जागा दोन-तीनदा बदलली खरी, पण ती स्वतःच्या सोयीने. जातीवरून कोणी हाकलले नाही. त्या शिष्यवृत्तीतूनच घरीही पैसे पाठवायचे होते, म्हणजे चैन नव्हतीच. पण डोक्यावरचे छप्पर उद्या असेल की नाही ही चिंता नव्हती, आणि अभ्यासाला तेवढे पुरते. १९१५ साली एम.ए. झाले.

पुढे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून, करारामुळे, सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये जागा मिळालेल्या या माणसाला आपल्या गावात मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, तिथल्या व्यवस्थापकाच्या संमतीने, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी ती जागा वर्णिली आहे: वरचा मजला, बोलायला माणूस नाही, विजेचा दिवा नाही, रात्री एका कंदिलाचा अपुरा उजेड. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघण्याच्या बेतात असताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे सांगून गेले. ओळखीच्या एका हिंदू मित्राकडे विचारले, तर तुम्ही आलात तर नोकर घर सोडून जातील असे उत्तर मिळाले. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कमाटी बागेत काढले. आपण रोज सकाळी फेऱ्या मारतो तीच ही बाग. सरकारी कागदांत सयाजी बाग असली तरी आमच्या पिढीच्याही तोंडी अजून कमाटी बागच आहे.

त्या आत्मकथनातली एक ओळ मी सरकारी नोकर म्हणून दोनदा वाचली. राहण्यासाठी संस्थानचा बंगला मिळावा असा अर्ज त्यांनी केलेला होता, आणि तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. महाराजांच्या मनात काही कमी नव्हते. मनात असणे आणि खोलीची किल्ली हातात पडणे यांच्यामध्ये जी टेबले असतात, ती मला चांगली ठाऊक आहेत.

हेही सांगायला हवे की हाकलणारे पारशी होते, तसा न्यूयॉर्कचा खोलीसोबती भाथेनाही पारशीच. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्याच भाथेनांनी कर्जाऊ रक्कम दिली. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या दहा क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथली राहणी इतकी काटकसरीची की रात्री पापड भाजून भूक भागवल्याचे चरित्रकार सांगतात.

आता त्याच काळातले कोल्हापूर पाहा. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शहरात जागा देईल तो जातीचाच, हे शाहू महाराजांनी ओळखले होते, म्हणून त्यांनी त्या त्या जातीच्या पुढाऱ्यांना जागा, इमारत, अनुदान देऊन बोर्डिंगे काढायला लावली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगांवर आज टीका होते. मला मात्र वाटते, ज्या मुलाला रात्री निजायला ओटासुद्धा मिळत नव्हता त्याने ती टीका केली नसती.

पण त्या सोयीला कुंपण होतेच. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील हा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परतल्यावर, आंघोळ करूनच पंगतीत ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यावर आसरा दिला.

या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. इकडे बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. कमाटी बागेतल्या त्या संध्याकाळीला तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती. शाहू महाराज राजे होते, त्यांची गोष्ट वेगळी. पण ही दोन वसतिगृहे काढणाऱ्या दोघांनाही जागा सोड म्हणून सांगितले गेले होते.

मुलीला शेवटी दादरकडे एका जुन्या संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली. खोली लहान, भिंतीला ओल, जेवण बरे. पण तिथे लेखी नियम आहेत, आणि वर्ष पुरे होईपर्यंत कोणी उठवणार नाही.

आता आपल्या मंडळाबद्दल थोडे. दर जूनमध्ये जळगाव-धुळ्या-नंदुरबारकडची मुले आपल्या विद्यापीठात शिकायला येतात आणि फतेगंज-निझामपुऱ्यात खोल्या शोधत फिरतात. मंडळाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत मखराचे सामान, दुसरीत सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या. मी डिप्लोमावाला ओव्हरसियर, म्हणून मोजमाप करून ठेवले आहे: आठ खाटा बसतात, एक न्हाणीघर वाढवावे लागेल. मार्चच्या कार्यकारिणी सभेत हा विषय मी लेखी दिला. पुढच्या सभेत पाहू, असे ठरले. पुढची सभा विसर्जनानंतरच्या रविवारी आहे.