घरात ओल आलीय? वॉटरप्रूफिंगचं काम देण्याआधी काय तपासायचं?

पावसाळा सुरू झाला की छतावर पिवळसर डाग उमटतो, भिंतीचा रंग फुगतो, कपाटामागून बुरशीचा वास येतो. मग कुणाच्या तरी ओळखीतल्या वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन जातो. तो येतो, भिंत ठोकून बघतो आणि कोटिंग मारायला सांगतो. पैसे खर्च होतात आणि पुढच्या जूनमध्ये डाग पुन्हा त्याच जागी दिसतो.

असं होण्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कुठून येतंय हे कळण्याआधीच उपायावर पैसे खर्च केले जातात. म्हणून योग्य माणूस निवडण्याची सुरुवात गळतीचं मूळ शोधण्यापासून होते.

डाग दिसतो तिथेच गळती असते का?

बरेचदा नाही. पाणी स्लॅबमधल्या भेगांतून किंवा वायरिंगच्या पाइपमधून वाट काढतं आणि मूळ जागेपासून काही फूट लांब बाहेर पडतं. पण ओल कधी वाढते यावरून अंदाज बांधता येतो.

- फक्त पावसात ओल येत असेल, तर गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा खिडकीच्या कडा संशयास्पद.
- बारा महिने ओल असेल, तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटलेली असू शकते.
- वरच्या घरात आंघोळी झाल्या की ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, ड्रेनेजचा जोड किंवा फरशीचे सांधे तपासावेत.
- तळमजल्यावर भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागला असेल, तर ओल जमिनीतून वर चढत असण्याची शक्यता जास्त.

स्वतंत्र मीटर असेल तर एक सोपी चाचणी करता येते. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचं रीडिंग लिहून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा पाहायचं. पाणी वापरलं नसताना आकडा पुढे गेला, तर मीटरनंतरच्या लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. मात्र ड्रेनेजची गळती या चाचणीत सापडत नाही.

सर्वात आधी काय करायचं?

पाणी स्विचबोर्ड, पंखा किंवा दिव्याच्या पॉइंटपर्यंत आलं असेल, तर त्या भागाचा एमसीबी बंद करावा. परवानाधारक इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये. छताचं प्लास्टर फुगलं असेल तर त्याखालून पलंग आणि मुलांचा पाळणा हलवावा. भिजलेल्या गाद्या, कार्पेट शक्य तितक्या लवकर वाळवावेत. एक-दोन दिवस ओलं राहिलं की बुरशी धरू लागते. काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवावेत.

नेमकं कुणाला बोलवायचं?

नळाची किंवा ड्रेनेजची लाइन असेल तर प्लंबर. तो हातपंपानं लाइनमध्ये दाब देऊन गळती आहे की नाही हे तपासू शकतो. गच्ची, बाथरूमची फरशी किंवा बाहेरची भिंत असेल तर वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार.

स्लॅबचे पोपडे पडून आतली सळई दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. त्यावर नुसतं प्लास्टर केलं तर गंज आत वाढतच राहतो. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे सोसायटीकडे असा अहवाल आहे का हेही विचारावं.

रंगाऱ्याचा नंबर शेवटी. ओल्या भिंतीवर लावलेला महागडा रंगही टिकत नाही.

काही जण थर्मल कॅमेरा घेऊन येतात. हा कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ओला भाग सहसा थंड असतो, म्हणून दिशा कळायला मदत होते. पण ओलावा मोजून खात्री करावी लागते. शक्य असेल तर गळती शोधण्याचं काम दुरुस्ती करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे द्यावं, म्हणजे निदानावर विक्रीचा प्रभाव पडत नाही.

खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपलाइनमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. घरातल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर येतो. म्हणून वरच्या शेजाऱ्यांशी वाद घालण्याआधी त्यांच्या संमतीनं चाचणी करावी. बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर थोडं पाणी साठवलं आणि खाली ओल वाढली, तर बोलायला पुरावा मिळतो.

इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. रेरा कायदा, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरनं ३० दिवसांच्या आत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अशा वेळी आधी लेखी तक्रार करावी. स्वतःच तोडफोड केली तर मूळ दोष दाखवणं अवघड होतं.

कोटेशनमध्ये काय हवं?

किमान दोन-तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्यावं. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

- गळतीचं कारण काय आणि ते कसं शोधलं
- किती चौरस फुटांवर काम होणार
- कोणतं मटेरियल, किती थर
- जुना कोबा काढणार की त्यावरच नवा थर देणार
- डेब्रिज कोण उचलणार, फरशी पुन्हा कोण बसवणार
- जीएसटी धरून रक्कम किती

कोब्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा कोबा घातला की स्लॅबवरचं वजन वाढतं. जुन्या इमारतीत हा निर्णय इंजिनिअरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

'दहा वर्षांची गॅरंटी' ऐकल्यावर ती मटेरियलची आहे की कामाची, हे विचारावं. कंपनी फक्त आपल्या मालाची हमी देत असेल आणि कंत्राटदारानं तो नीट लावला नसेल, तर ग्राहक दोघांच्या मध्ये अडकतो. हमी बिलावर किंवा लेटरहेडवर लिहून घ्यावी.

पैसे कधी द्यायचे?

टप्प्याटप्प्यानं. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. गच्चीचं काम झाल्यावर तिथे २४ ते ४८ तास पाणी साठवून खालून तपासणी होते. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, असं आधीच ठरवून घ्यावं. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचं पक्कं काम ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळात करावं. भर पावसात ताडपत्रीसारखी तात्पुरती सोय करणंच शहाणपणाचं.

विमा असेल तर?

'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविम्यात पूर तसंच पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून होणारं नुकसान येतं. वर्षानुवर्षं हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचा दावा मात्र सहसा मान्य होत नाही. नुकसान झाल्यावर लगेच कंपनीला कळवावं आणि पाहणी होण्याआधी पक्की दुरुस्ती सुरू करू नये.

काम फसलं तर?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मदत मिळते. पण तिथे कोटेशन, पावत्या आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो उपयोगी पडतात. तोंडी ठरलेलं काम सिद्ध करणं कठीण जातं. त्यामुळे जीएसटी वाचवण्यासाठी 'बिलाशिवाय करून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्या सवलतीसोबत आपण आपला पुरावाही सोडून देतोय, हे लक्षात ठेवावं.